वैशाखातलं न पाहिलेलं पाणी

यंदा वैशाख लागला तेव्हा सुमय्या माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. नाकाच्या शेंड्याची साल निघालेली, ओठ फुटलेले, ओढणी अजून डोक्याला घट्ट गुंडाळलेली. पाथरीहून सकाळच्या बसने परभणीला यायचं, तिथून जीपने तळ्यावर जायचं आणि दुपारी पाणी घेऊन कॉलेजात परतायचं, असा तिचा महिन्यातून एकदा ठरलेला दिवस. हातातल्या पिशवीत नमुन्यांच्या बाटल्या होत्या आणि काखेत माझ्याच प्रबंधाची झेरॉक्स. सुमय्या आमच्या प्राणिशास्त्र विभागात पीएच.डी. करते. परभणी जिल्ह्यातल्या तळ्यांमध्ये कोणकोणते रोटिफर राहतात, कुठे राहतात आणि कधी दिसतात, हा तिचा विषय. वीसेक वर्षांपूर्वी तोच माझा होता, आणि ती सध्या जाते ते तळंही माझंच.

रोटिफर म्हणजे काय, हे मी आजवर बसमध्ये, लग्नघरात, माहेरी आणि सासरी कितीदा सांगितलं असेल त्याला गणती नाही. ओंजळभर तळ्याचं पाणी घ्या, डोळ्याला काही दिसणार नाही. त्यातलाच एक थेंब काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा, की गजबज दिसते. भिंगाच्या काचेसारखे आरपार दिसणारे जीव. डोक्याशी बारीक केसांचं कडं असतं आणि ते केस असे लहरतात की दोन चाकं गरगर फिरतायत असा भास होतो. कोणाच्या पाठीवर कवच आणि कवचाला काटे, कोणी नुसती पिशवी आणि त्या पिशवीत नुकताच गिळलेला भाऊबंद स्पष्ट दिसतो. आपल्याकडचं तळं, विहीर, गुरांचा हौद, सहसा काहीच त्यांच्यावाचून नसतं. पण सगळीकडे सारखे नसतात. काठच्या गवताच्या मुळांशी राहणारी जात वेगळी, उघड्या पाण्यातली वेगळी, सडक्या हिरव्या पाण्यात माजणारी वेगळी. म्हणून जाणत्या माणसाने थेंब पाहिला तर ते पाणी कसं आहे आणि त्यावर काय गुदरलंय, याचा अंदाज बांधता येतो. जाणत्या माणसाने पाहिला तर.

परभणीचा वैशाख कोणी कौतुकाने आठवावा असा नसतो. सकाळी दहालाच रस्ते ओस पडायला लागतात. एसटीच्या खिडकीची दांडी हाताला चटका देते. काळ्या रानांना भेगा पडतात, लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या. आणि तळी आटतात. आटतात म्हणजे एकदम नाहीशी होत नाहीत. रोज वीतभर मागे सरकतात आणि चिखलाची एकेक पायरी मागे सोडतात. त्या पायऱ्यांवर शिंपले, बगळ्यांची पावलं, कोणाची तरी हरवलेली चप्पल. गुरं पाण्यापर्यंत पोचायला रोज थोडी जास्त चालतात. हा महिना आला की मी कॉलेजात पंख्याखाली बसून राहते, आणि कोणी तळ्याचा विषय काढला की काही तरी काम आठवल्यासारखं करून उठते. इतकी वर्षं तसंच चाललं होतं.

सुमय्याने झेरॉक्स उघडून एका पानावर बोट ठेवलं. "मॅडम, एक विचारू का? तुमच्या तक्त्यात मे महिन्यात लेकेन आहेत. बऱ्याच आहेत. मला एकही मिळत नाही. माझं काही चुकतंय का?"

लेकेन ही काठच्या पाणगवतात राहणारी जात. ती माझ्या पानावर छापलेली होती, माझ्याच हाताने लिहिलेली, मे महिन्याच्या रकान्यात.

"तू नमुने काठावरून घेतेस ना?" मी विचारलं.

"हो. पण मॅडम, मेमध्ये पाणी गवतापासून लय मागं जातं. काठाला नुसता चिखल असतो. मग गवतातले जीव तिथं कसे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हणाले, "त्या वर्षी पाऊसमान चांगलं होतं. तळं भरलेलं होतं. तू एकदा पूर्वेच्या अंगाने घेऊन बघ."

ती "जी मॅडम" म्हणाली आणि गेली. दोन दिवसांनी त्या उन्हात पुन्हा तळ्यावर गेली. माझ्या एका वाक्यावर.

तळं पोखर्णीच्या रस्त्यावर आहे, फाट्यावरून आत. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात. पाझर तलाव, एका बाजूला मातीचा बांध, उरलेल्या बाजूंना बेशरमाची झुडपं आणि बाभळी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. शनिवार होता. पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला निघालेल्या माणसांनी जीप भरलेली, आणि माझ्या मांडीवर बादली, जाळी आणि बाटल्यांचा डबा. बांधावर एक माणूस जाळं विणत बसला होता. चाळिशीचा, सडपातळ, उन्हाने तांबूस झालेल्या मिशा. तळ्यातल्या माशांचा ठेका त्याच्याकडे होता. नाव सटवाजी.

"काय धरायला आलाव, बाई?" त्याने विचारलं.

"पाण्यातले जीव."

"मासे?"

"नाही. डोळ्याला दिसत नाहीत ते."

"दिसत न्हाईत, तर धरून काय करताव?"

तो हसला, उठला आणि ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून केलेला आपला तराफा त्याने पाण्यात लोटला. "बसा. मधलं पानी साफ ऱ्हातं."

त्यानंतर दर महिन्याला सटवाजीमामा मला तळ्याच्या मध्यावर नेत. मी बादलीने पाणी उपसून जाळीतून ओतायची, ते बादल्या मोजायचे. माझ्याकडून गणती चुकली की ठणकावून सांगायचे, "धा झाल्या, अकरा न्हाई." जाळीच्या टोकाच्या नळीत उरलेलं बोटभर पाणी बाटलीत घालायचं, त्यात फॉर्मेलिनचे थेंब टाकायचे, चिठ्ठी चिकटवायची. फॉर्मेलिनच्या वासाने त्यांना शिंका यायच्या. मी त्यांना समजावलं की या औषधाने जीव मरतात पण कुजत नाहीत, जसे होते तसे राहतात. ते म्हणाले, "मंग फोटोच हाय की ह्यो."

श्रावण सरता सरता मी एक छोटा सूक्ष्मदर्शक सोबत नेला, आरशावर ऊन धरून बघायचा. बांधावरच्या दगडावर तो ठेवला आणि ताज्या पाण्याचा थेंब लावला. मामांनी एक डोळा हाताने झाकून दुसरा भिंगाला लावला. मग ओरडले, "आगं आयऽऽ, हिच्या मागं अंडी हायेत! चार! घिऊन पळायलीय!"

तो ब्रॅकिओनस होता. कवचाला सहा काटे, आणि मादी अंडी शेपटाशी चिकटवून हिंडते. मामांनी तिचं नाव तिथेच ठेवलं, लेकुरवाळी. घरून भाकरी घेऊन आलेल्या आपल्या बायकोला, गयाबाईंना, त्यांनी हाताला धरून दगडाशी बसवलं. त्या माउलीने भिंगातून पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला बी चैन न्हाई, बगा." पुढे कधीही गेलं की मामा आधी विचारायचे, "लेकुरवाळ्या कशा हायेत?" आणि मी मागच्या महिन्याचा हिशोब सांगायची, वाढल्या, कमी झाल्या. पाणी घाण व्हायला लागलं की त्या वाढतात, हेही सांगितलं. शेतातलं फवाऱ्याचं औषध पाण्यात उतरलं तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मग यातलं फारसं कोणी वाचणार नाही."

हे मी त्यांना सांगितलं होतं. माझ्या तोंडाने.

पावसाळा गेला, थंडी गेली. जून ते मार्च अशा दहा महिन्यांचं पाणी मी पाहिलं, मोजलं, चित्रं काढली. एप्रिल आणि मे राहिले. एप्रिलच्या सुरुवातीला माझं लग्न ठरलं आणि महिन्याअखेर झालंही. मी लातूरला गेले. जाताना मामांकडे जाळी, दोन बाटल्या आणि थोडं फॉर्मेलिन ठेवून आले होते, "जमलं तर घ्या" म्हणून. लग्नाचं कारण सांगायला सोयीचं आहे. खरं म्हणजे मे महिन्यात मी आठ दिवस माहेरी परभणीत होते. जीप सुटायची तिथून आमचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. एकदा तयार होऊन दारापर्यंत गेलेही. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. नव्या नवरीने अशा उन्हात कुठे जायचं, असं आई म्हणाली. मी लगेच मागे फिरले. आईने आणखी एकदा म्हणायची वाट पाहिली नाही.

माझे मार्गदर्शक सर जूनमध्ये आमच्याच कॉलेजात भरल्या जाणाऱ्या एका जागेबद्दल बोलले होते. त्याआधी प्रबंध सादर झाला तर मुलाखतीला उभं राहता येणार होतं. एका दुपारी मी मार्चचा तक्ता समोर ठेवला आणि एप्रिलचा लिहिला. मार्चपेक्षा थोडा कमी. मग मेचा लिहिला, आणखी थोडा कमी. यादी ओकीबोकी दिसू नये म्हणून लेकेन ठेवल्या. अर्ध्या तासाचं काम. मला आठवतं, मधेच सासूबाईंनी पन्हं आणून दिलं आणि "किती अभ्यास करते पोर," असं शेजारणीला सांगितलं.

टायपिंग झालं, बांधणी झाली, प्रबंध गेला. आणि जूनच्या मध्यावर मी तळ्यावर गेले ती खरं तर निरोप घ्यायला. मामांसाठी पेढे घेऊन.

मामा बांधावर नव्हते. घरी ओट्यावर बसलेले सापडले. दाढी वाढलेली. त्यांनी पेढ्यांकडे पाहिलंही नाही. आतून दोन बाटल्या आणल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या गारव्याला ठेवलेल्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एका चिठ्ठीवर कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'वैशाख, मासे मेले त्या सकाळचं'.

"मासे मेले?" मी विचारलं.

"सगळे. पहाटं गेलो तर पांढरं दिसायलं होतं तळं. उताने पडलेले. ठेका जूनला सरायचा व्हता ना माझा. लोक म्हनायलेत, जाता जाता समदे मासे एकदम काढून घ्यावं म्हनून मीच औषध टाकलं. ढोरं बी पानी पीनात म्हनून लोकं लय खवळलेत. ग्रामसभेत उभं केलं मला." मग बाटली माझ्या हातात दिली. "पन मी सांगितलंय, बाईकडं पानी देनार हाय. बाई बगतील. औषध पडलं असंल तर लेकुरवाळ्या असायच्या न्हाईत. तुमीच म्हनला व्हता. अन पानी उन्हानं सडून मासे गुदमरले असतील, तर लेकुरवाळ्या लय सापडतील. एवढं बगा, अन एक चिठ्ठी द्या. कालेजच्या शिक्क्याची."

एखाद्या विद्यार्थ्याने हा प्रयोग असा मांडला असता तर मी त्याला वर्गात उभं करून शाबासकी दिली असती. कवच शाबूत, अंडी चिकटलेली, अशा माद्या त्या बाटलीत दाटीने असत्या, तर निष्कर्ष बऱ्यापैकी स्पष्ट होता. पुरावा त्यांनी नेमक्या सकाळी, नेमक्या पद्धतीने घेतला होता. बादल्या मोजून. मी म्हणाले, "बघते मामा. आठ दिवसांत सांगते."

खरंच बघणार होते. पण वाटेत जीपमध्ये माझ्या लक्षात आलं की या बाटलीत सडकं हिरवं पाणी निघालं आणि मी तसं लिहून दिलं, तर माझ्या प्रबंधातल्या मे महिन्याचं काय? तिथे तर तळं नितळ होतं, गवतातल्या लेकेन सुखाने नांदत होत्या. प्रबंध परीक्षकांकडे पोचला होता. मुलाखत चार दिवसांवर होती. बाटल्या मी प्रयोगशाळेच्या कपाटात खालच्या फळीवर, मागे ठेवल्या. मुलाखत झाली की पाहू. मग नेमणुकीचं पत्र आलं. तोंडी परीक्षा झाली की पाहू.

जुलैत मामा कॉलेजात आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून होते, माझा तास संपेपर्यंत. मी बाहेर आले तशी उठून उभे राहिले. मी त्यांच्याहून कितीतरी लहान.

"बाई, बगितलं का?"

"हो," मी म्हणाले. "मामा, त्यातून काही सांगता येत नाही."

"काईच न्हाई?"

"नाही."

"लेकुरवाळ्या?"

मी मान हलवली. तिचा अर्थ काय घ्यायचा, हे मी त्यांच्यावर सोडलं. इतकी वर्षं मी त्या एका मानेच्या हलवण्याबद्दल स्वतःशी वाद घातला आहे, की मी खोटं बोलले नाही, 'नव्हत्या' असं म्हणाले नाही. पण त्यांनी काय समजायचं ते समजलं. "बरं," म्हणाले. पायऱ्या उतरले. फाटकापाशी एकदा थांबून त्यांनी आमच्या इमारतीकडे पाहिलं, एवढी मोठी, एवढ्या खिडक्यांची. मग गेले.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवली तेव्हा जुन्या बाटल्या रिकाम्या करायच्या होत्या. त्या दोन मी स्वतः बेसिनमध्ये ओतल्या. नळ सोडला. एक थेंब तरी काचेवर घ्यावा असं मनात आलं होतं. घेतला नाही, कारण घेतला तर कळलं असतं.

त्या प्रबंधावर मला नोकरी लागली. त्या नोकरीवर घर झालं, मुलीचं शिक्षण होतंय. मी बऱ्यापैकी शिक्षिका आहे, असं मुलं म्हणतात. नमुना घेतल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे मी पहिल्या तासाला सांगते. दरवर्षी सांगते.

सुमय्या पूर्वेच्या अंगाचं पाणी घेऊन चौथ्या दिवशी परत आली. आता ओठांवर मलम होतं. "मॅडम, तिकडं बी न्हाई," असं ती तिच्या घरच्या बोलीत बोलून गेली, मग सावरून म्हणाली, "तिकडेही नाही. ब्रॅकिओनसच आहेत सगळे, अंड्यांसकट. पाणी अगदी हिरवं झालंय. मी तिथल्या लोकांना विचारलं, असं पूर्वीही व्हायचं का?" ती आठवायला थांबली. "म्हणाले, पूर्वी एक सटवाजी भोई होता, त्याने औषध टाकून सगळे मासे मारले होते, म्हणून त्याला गावातून काढलं. मॅडम, ते तुमच्याच वर्षातलं असेल का? औषधामुळे तुमचा डेटा वेगळा आला असेल, असं मला वाटलं. तसं लिहू का मी?"

ती वही उघडून, पेन धरून बसली होती. मी हो म्हटलं असतं तर तिने तसं लिहिलं असतं. मामांवरचा आळ एका प्रबंधात छापून आला असता, तळटीपेसह, आणि माझा मे महिना कायमचा सुटला असता.

"नको लिहू," मी म्हणाले. "माझा एप्रिल आणि मे खोटा आहे. मी तळ्यावर गेलेच नव्हते."

पंखा फिरत होता. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी तिला सगळं सांगितलं, बाटल्यांचं, पायऱ्यांचं, बेसिनचं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. तो आला नाही. ती एखादी अवघड स्लाइड पाहावी तशी माझ्याकडे बघत होती.

"त्या बाटलीत काय होतं मॅडम?"

"मी पाहिलं नाही."

"म्हणजे आता कधीच कळणार नाही."

"नाही."

थोड्या वेळाने तिने झेरॉक्स मिटली. "मी तुमचा तक्ता तुलनेला घेत नाही. पण कारण काय लिहू?"

"ते मी आधी विद्यापीठाला लिहून देते. मग त्या पत्राचा हवाला दे."

ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "मॅडम, मला पूर्वेच्या अंगाला का पाठवलं?" एवढंच विचारलं. तिने थोडं थांबून पाहिलं आणि ती गेली.

पत्र मी दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा दिलं. आवक विभागातल्या माणसाने ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, इतक्या वर्षांनी कोण विचारायलंय? काऊन उकरून काढता?" मी म्हणाले, शिक्का मारा. त्याने मारला. उत्तर अजून आलेलं नाही. पदवीचं आणि नोकरीचं जे व्हायचं ते होईल, असं मी म्हणते. पण फोन वाजला की आधी नंबर विद्यापीठाचा आहे का ते बघते, हेही खरं आहे.

मामा पूर्णेला असतात, हे सुमय्यानेच गावातून विचारून आणलं. गाव सोडल्यावर ते बायकोच्या भावाकडे गेले होते. आधी रेल्वेच्या ठेकेदाराकडे रूळांखाली खडी भरण्याचं काम केलं, नंतर बाजारात मासे विकायला बसले. दुसऱ्यांनी धरलेले मासे. मागच्या रविवारी मी गाडीने पूर्णेला गेले. स्टेशनामागच्या वस्तीत पत्र्याचं घर, दारात पाण्याचा ड्रम आणि लिंबाची सावली. बाजेवर मामा बसलेले. मिशा पांढऱ्या झालेल्या, एक डोळा मोतीबिंदूने गेलेला. गयाबाईंनी मला आधी ओळखलं. "कालेजच्या बाई," असं त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

मी बसण्याआधीच सांगायला सुरुवात केली. बसले असते तर चहा आला असता, नातवंडांची चौकशी झाली असती आणि मी पुन्हा तशीच निघून आले असते. मी ते पाणी पाहिलंच नव्हतं, मामा. मी खोटं बोलले. बाटल्या ओतून दिल्या.

मामा ऐकत होते. मधे एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत मला थांबावं लागलं, आणि ती लय लांब होती.

"मंग काय व्हतं त्यात?" त्यांनी विचारलं. सुमय्याने विचारलं होतं तसंच.

"नाही माहीत."

"हं."

गयाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "आता तरी लिहून द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांनी औषध टाकलं न्हाई म्हनून. सोयरे अजून बोलून दाखवतेत. पोरीच्या सोयरिकीत बी हेच काढलं लोकांनी."

मी पर्समधून कागद काढला. पेन काढलं. आणि मला कळलं की ते मला लिहिता येणार नाही. मी न पाहिलेल्या पाण्याबद्दल काय लिहून देणार? पुन्हा एकदा न मोजता आकडा भरायचा? मी जे लिहू शकत होते ते लिहिलं, की सटवाजी यांनी मासे मेले त्या सकाळी पाण्याचा नमुना योग्य रीतीने घेऊन माझ्या स्वाधीन केला, तो तपासण्याची जबाबदारी माझी होती, आणि मी तो न तपासता टाकून दिला. खाली सही केली, पत्ता लिहिला. मामांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"बस?" गयाबाई म्हणाल्या.

"एवढंच मला खरं लिहिता येतं, मावशी."

त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. मामांनी कागदाची घडी घातली, उघडली, दिसणाऱ्या डोळ्याजवळ धरून सहीकडे बघितलं आणि पुन्हा घडी घातली.

"ते कागदाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमाला काय वाटतं, बाई? वरीसभर माझ्या तराफ्यावर बसलाव तुमी. मी टाकलं असंल का औषध?"

"नाही मामा. कधीच नाही. मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंग त्या दिशी पायऱ्यांवर तेवढंच म्हनायचं व्हतं," ते म्हणाले. "बाटली बगा न्हाई तर नका बगू. माझ्यासंगं गावात येऊन तेवढं एक बोलला असता, तर आमी तळ्यावरच असतो की अजून."